केशवरावांची जागल

झोप न येण्याचं दुखणं माणसाने मुकाट्याने सोसावं. ते एकदा शेजाऱ्याला सांगितलं की सगळ्या गल्लीचं होतं, आणि मग आपल्याकडे फक्त जागण्याचं काम उरतं. पांढुर्ण्याचे केशवराव तहसील कचेरीतून बडे बाबू म्हणून निवृत्त झाले. जन्मभर लोकांच्या अर्जांवर ‘सविस्तर खुलासा करावा’ असे शेरे मारले. पण स्वतःच्या जागरणाचा खुलासा त्यांनी कुणालाही केला नव्हता. कुणी विचारलंच तर ते भारदस्त आवाजात सांगत, “निद्रानाश हाय,” आणि विषय निकाली काढत.

खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती आपण आधीच सांगून टाकू. लपवाछपवी करायला केशवराव समर्थ आहेत. त्यांना झोप येत नव्हती असं नाही. झोप बिचारी रोज यायची, तेच तिला दारातून परत पाठवायचे. नागपूरला नलिनीबाईंच्या हृदयात स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवली, आणि तेव्हापासून केशवराव रात्रभर बायकोचं घोरणं ऐकत पडत. नलिनीबाई घोरत छान, भरघोस. घोरणं चालू आहे तोवर जग जागच्या जागी असे. पण ते मध्येच थांबे. थांबलं की केशवराव अंधारात डोळे फाडून वाट पाहत. मग नलिनीबाई कूस बदलत, हुंकार देत, आणि काही वेळाने घोरणं पुन्हा रुळावर येई. आपला डोळा लागला आणि नेमकं तेव्हाच ते थांबून पुन्हा सुरूच झालं नाही तर, या भीतीने ते पहाटेपर्यंत टक्क जागे असत. आपण जागे राहिल्याने दुसऱ्याचं हृदय चालू राहतं असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही हे त्यांनाही कळत होतं. पण साहेब दौऱ्यावर गेले की परत येईपर्यंत ते कचेरीत बसून राहत, त्यानेही दौरा कधी लवकर संपला नव्हता. बसून राहणं हा त्यांचा स्वभाव होता.

स्वभाव टिकला, शरीर टिकेना. त्यांनी चहात मीठ घातलं. बँकेच्या रांगेत उभ्या उभ्या डोळा लागून पुढच्या अनोळखी बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि त्या बाई बोलायच्या आधी आजूबाजूचे चारजण बोलले. एकदा भर बाजारात त्यांची स्कूटर संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांच्या ढिगात शिरली. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, “बाबूजी, असंच चाललं तं वहिनीच्या आधी तुमालेच भरती करा लागन.”

झालं. आधी एक भीती होती, आता दोन झाल्या. झोपलो तर ती जाईल, न झोपलो तर आपण जाऊ, आणि आपण गेलो तर रात्री तिच्याकडे लक्ष कोण देणार? झोपेची गोळी त्यांनी साफ नाकारली. गोळी घेतलेला माणूस हाक मारली तरी उठत नाही असं त्यांनी ऐकलं होतं. त्यांना अशी झोप हवी होती की जी लागावी, पण फार लागू नये.

गल्लीत प्रत्येकाकडे एक उपाय होता आणि त्या उपायाने बरा झालेला एक मामा होता. समोरच्या कलाबाईंनी काशाची वाटी आणून दिली. ती तेल लावून तळपायांवर घासायची. केशवरावांनी इतकी घासली की पाय काळे झाले आणि नलिनीबाईंनी चादर धुवायला काढली. जायफळ झालं, खसखस झाली. शेजारचे गुणवंता, ज्यांचा मोहगावला संत्र्याचा बगीचा आहे आणि जगातल्या कुठल्याही विषयावर मत आहे, म्हणाले, “जामसांवलीले जा. मारुतीराया तेथे खुद्द पहुडले हायेत. ज्या देवानं सोता अंग टाकलं, त्याले झोपेचं महत्त्व सांगा नाही लागत.” केशवराव शनिवारी गेले. दर्शनाच्या गर्दीत नलिनीबाईंना धक्का लागू नये म्हणून ते दोन्ही हात पसरून चालले, दहा लोकांशी भांडले, आणि होते त्याहून जास्त जागे होऊन घरी आले.

अशात पुण्याहून मुलीने, शिवानीने, फोनवर एक बातमी पाठवली. परदेशात म्हणे वयस्क लोकांना संध्याकाळी ठरावीक वेगाने लुकलुकणाऱ्या दिव्यासमोर बसवतात, त्याच वेगाने एक आवाज ऐकवतात, मग मेंदू हळूहळू त्या तालावर येतो आणि रात्री झोप बरी लागते. खाली शिवानीने लिहिलं होतं, “बाबा, अजून प्रयोग चालू आहेत. फक्त वाचायला पाठवलंय.” पण वरून आलेला कागद फक्त वाचायचा असतो हे बडे बाबूंना नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं. वरून आलं की अंमलबजावणी करायची. शिवाय यात औषध नव्हतं. दिव्याने आणि आवाजाने आलेली झोप नलिनीबाईंच्या एका हाकेने मोडेल असा त्यांनी हिशेब केला.

त्यांनी ती बातमी गुणवंतांना वाचून दाखवली. गुणवंतांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, “लाइट अन् आवाज? हे तं आपल्या प्रफुल्लचं डुक्कर-मशीन हाय.”

हे मशीन आमच्याकडच्या बगीच्यांत ठिकठिकाणी दिसतं. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, रात्री येऊन नासधूस करतात, म्हणून पूर्वी शेतकरी मचाणावर बसून पाळीपाळीने जागल करत. आता जागल करायला माणूस मिळत नाही, तेव्हा मशीन करतं. एक डबा, वर डोळे दिपवणारा लुकलुकता दिवा, बाजूला भोंगा. भोंग्यातून कधी फटाके, कधी कुत्री, कधी हाड्‌हाड् करणारा माणूस. प्रफुल्लचं सौसरला दुकान होतं आणि असली मशीनं तो घरच्या घरी जुळवत असे. केशवरावांनी बातमी त्याच्यापुढे धरली. त्याने ती वाचली नाही, नुसती पाहिली.

“हे उलटं करा लागते, काकाजी,” तो म्हणाला.

“उलटं म्हणजे?”

“आता पाहा. विहिरीवरच्या मोटरचे वायर अदलाबदल केले की मोटर उलटी फिरते का नाही?”

“फिरते.”

“मंग झालं. ज्याच्यानं झोपलेलं डुक्कर उठते, त्याचंच वायर उलटं केलं की उठलेला माणूस झोपते.”

केशवरावांना यात कुठेतरी चूक आहे असं वाटलं. पण चूक कुठे आहे ते सापडेना, आणि न सापडलेल्या चुकीवर शेरा मारता येत नाही. गुणवंतांनी मान डोलावली. प्रफुल्लने दिवा बारीक केला, आत टकटक असा आवाज भरला, आणि डबा एका जुन्या उशीच्या खोळीत घालून दिला. डब्याला बटण नव्हतं. बटण असलं की चोर बंद करतो, म्हणून झाकण स्क्रू लावून पक्कं केलेलं असे आणि बॅटरी आत. आत एक घड्याळ होतं, त्याच्या हिशेबाने मशीन आपोआप चालू होई, आपोआप थांबे.

पहिल्या संध्याकाळी नलिनीबाई बाहेरच्या खोलीत मालिका पाहत होत्या आणि केशवराव आत खुर्चीवर, डोळे मिटून, पापण्यांवर लुकलुक आणि कानात टकटक घेत बसले होते. टकटकीने त्यांना नागपूरच्या दवाखान्यातलं हृदयाचे ठोके दाखवणारं हिरव्या रेघेचं यंत्र आठवलं. तरी ते उठले नाहीत. खिडकीच्या पडद्यावरची लुकलुक पाहून कलाबाई धावत आल्या. “भाऊजी, घरात वेल्डिंग करून राहिले का?” केशवरावांनी सांगितलं की ट्यूबलाइटचा स्टार्टर गेला. त्या म्हणाल्या, माहा भाचा बदलून देते, आणि केशवराव म्हणाले, नको, मले असाच आवडते. कलाबाई विचार करत परत गेल्या.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. झोप काही आली नाही, पण केशवरावांना आशा वाटू लागली.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला टकटक थांबली. केशवरावांनी डोळे उघडले. डबा जरासा खरखरला, आणि मग त्यातून वाघ ओरडला.

आता खुलासा असा की डुकरं हुशार असतात. एकच आवाज रोज आला की त्यांना सवय होते आणि ती भोंग्याला अंग घासत संत्री खातात. म्हणून मशीन दोन दिवसांनी आपण होऊन आवाज बदलतं. प्रफुल्लने नवी टकटक आत भरली होती, जुन्या आवाजांतला वाघ काढायचा राहून गेला होता, आणि भोंगा होता तसाच ठेवला होता. बगीच्याच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत जाणारा आवाज उघड्या खिडकीतून गल्लीत गेला.

केशवराव उठले ते डब्याकडे नाही, स्वयंपाकघराकडे धावले. वाघाची त्यांना भीती नव्हती. त्यांना एकच दिसत होतं, नलिनीबाई फरशीवर पडलेल्या. दाराची चौकट धरून ते आत गेले. नलिनीबाई तव्यावर पोळी उलटवत होत्या.

“छातीत काही होऊन राहिलं का?” त्यांनी विचारलं.

“माह्या छातीत काय होते? तुमच्या डुकराले काहीतरी झालं. जा, बंद करा.”

वाघ पुन्हा ओरडला. केशवरावांनी डब्यावर उशी दाबली, उशीवर गादी टाकली, शेवटी सगळं उचलून पलंगाखाली लोटलं आणि वरून नलिनीबाईंची नऊवारी लुगडी ठेवायची पेटी आडवी लावली. वाघाने आणखी एकदा दबक्या आवाजात तक्रार केली आणि घड्याळाच्या हिशेबाने गप्प झाला.

“आता बाहीर जाऊन सांगून या,” नलिनीबाई म्हणाल्या.

ते सांगणारच होते. चपला घालून फाटकापर्यंत गेलेही. पण तोवर कलाबाईंची शेळी दावं तोडून पळाली होती, सगळ्या घरांची दारं बंद झाली होती, आणि गुणवंता आपल्या गच्चीवरून ओरडून सांगत होते, “पाहिला मी. भिंतीवरून उडी मारली त्यानं. पट्टे मोजून घ्या.” आमच्या भागात वाघ ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. बगीच्यांत तो अधूनमधून येतो, म्हणून कुणीही सांगितलं तरी ते खरं वाटतं. शेजाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेला वाघ खोटा कसा ठरवायचा, हा प्रश्न केशवरावांपुढे पडला. ते परत फिरले.

“सकाळी सांगतो,” ते बायकोला म्हणाले.

सकाळी जीप आली. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून लोकांना सरकारी गाडीचं नावीन्य राहिलेलं नाही, तरी वनखात्याच्या जीपभोवती गर्दी झाली. डिप्टी साहेब, म्हणजे डेप्युटी रेंजर, रीवाकडचे हिंदीभाषक, शांत माणूस. त्यांनी नालीकाठच्या चिखलातला एक ठसा वाकून पाहिला आणि म्हणाले, “यह तो कुत्ते का है।” गुणवंता म्हणाले, साहेब, आमच्या इकडच्या वाघाचा पाय बारीक असते. साहेबांनी वाद घातला नाही. आवाज सगळ्या गल्लीने ऐकला होता, तेव्हा पंचनामा करणं भाग होतं. आवाज कुठून आला असं विचारल्यावर गल्लीतल्या सगळ्या बोटांनी केशवरावांचं घर दाखवलं.

“आपने सुनी थी?”

केशवरावांनी आयुष्यात शेकडो पंचनामे लिहिले होते. पहिल्यांदाच ते दुसऱ्या बाजूला उभे होते. खोटी अफवा पसरवल्याबद्दल कोणतं कलम लागतं ते त्यांना पाठ होतं, आणि पाठ असण्याचा तोटा त्या क्षणी कळला. वर ‘हे यंत्र कशासाठी’ असा पुढचा प्रश्न येणार, आणि त्याचं खरं उत्तर चारचौघांत द्यायचं म्हणजे नलिनीबाईंसमोर त्यांच्याच मरणाची भीती बोलून दाखवायची. ते त्यांना कलमापेक्षाही जड होतं.

“सुनी थी,” ते म्हणाले, “बहुत पास से।”

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्याखाली त्यांनी सही केली. नलिनीबाई खिडकीत उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेपुढे त्यांनी मान खाली घातली.

मग गल्लीने जागल लावली. घरटी एक माणूस, पाळीपाळीने, हातात काठी आणि बॅटरी. केशवरावांनी वयाची सबब सांगितली, तर गुणवंता म्हणाले, “बाबूजी, तुमाले तसंही झोप येत नाही. तुमच्यासारखा जागल्या कुठी भेटन?” ज्या जागरणाची त्यांना लाज वाटत होती, ते असं सार्वजनिक कामाला लागलं. आता ते बाहेर आणि नलिनीबाई आत एकट्या. त्यांनी जी भीती घालवण्यासाठी एवढा उद्योग केला, तीच नेमकी समोर येऊन उभी राहिली. गल्लीत फेऱ्या मारायच्या सोडून ते आपल्याच झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखाली कान लावून उभे राहत. आतलं घोरणं थांबलं की ते चवड्यांवर उभे राहून आत डोकावत. गल्लीने त्याचा अर्थ वेगळा लावला. वाघाने जिथून उडी मारली त्याच जागेवर केशवराव एकटे उभे राहतात, अशी त्यांची कीर्ती झाली, आणि कलाबाईंनी त्यांच्यासाठी चहाचा थर्मास पाठवला. भित्र्या माणसाला शूर म्हटलं की तो किती अवघडतो हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

नलिनीबाई रोज सकाळी म्हणत, “सांगून टाका,” आणि केशवराव रोज म्हणत, “आज संध्याकाळी सांगतो.” पलंगाखाली डबा रोज दिवेलागणीला आपली पाळी बजावत होता, कधी कुत्री तर कधी फटाके, पण गादी-उशीखालून तो आवाज गल्लीत पोचत नव्हता.

एक संध्याकाळ आली ती वाघाचा हाका घेऊन. वाघ दिसत नाही, ठसा नाही, शेळी परत आली, तेव्हा तो कुठेतरी दडून बसला असणार असं गुणवंतांनी शोधून काढलं. दडायला जागा एकच, केशवरावांच्या मागच्या अंगणातली लाकडं आणि कडबा. बेत असा ठरला की उजेड असतानाच ढोल वाजवायचे, डबे बडवायचे, आणि लाकडांमागे सुतळी बॉम्ब फोडून वाघाला रेल्वे लाइनकडे हाकलायचा. लोक जमले, ढोल आले, बॉम्बांनी भरलेला हारा आला. डिप्टी साहेब ‘बम नहीं, बम नहीं’ म्हणत हात हलवत होते, पण ढोलांपुढे त्यांचं कोण ऐकतो. लाकडांच्या मागे भिंत होती, भिंतीत खिडकी होती, आणि खिडकीच्या आत पलंगावर दुपारपासून औषधं घेऊन नलिनीबाई आडव्या झाल्या होत्या.

केशवरावांना नागपूरच्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलेलं आठवलं, बाईंना दचकू देऊ नका. गुणवंतांनी काडी ओढली. केशवरावांनी पुढे होऊन त्यांचा हात धरला. गल्लीत त्यांनी कधी कुणाचा हात असा धरला नव्हता.

“थांबा,” ते म्हणाले. “वाघ लाकडात नाही. माह्या पलंगाखाली हाय.”

ढोल थांबले. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले, मग खिडकीकडे, आणि मग जो तो पळाला. ढोलवाले ढोल टाकून पळाले. गुणवंता या वयात कंपाउंडच्या भिंतीवर कसे चढले ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. कलाबाई शेळीला कवटाळून घरात शिरल्या आणि दाराला पलंग लावला. डिप्टी साहेबांनी जीपकडे मागे मागे सरकत विचारलं, “और माताजी? माताजी कहाँ हैं?”

“वही तो,” केशवराव म्हणाले, “उसके ऊपर सोई हैं।”

साहेबांनी डोळे मिटले. त्यांच्या नोकरीत असा प्रसंग आला नसावा.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. नलिनीबाई बाहेर आल्या. उशीच्या खोळीतला डबा कमरेवर घेतलेला. त्यांनी तो अंगणाच्या मधोमध ठेवला, पदराने हात पुसले आणि भिंतीवरच्या गुणवंतांना म्हणाल्या, “उतरा भाऊजी. हा घ्या तुमचा वाघ. पट्टे मोजून घ्या.”

घड्याळाचा हिशेब बरोबर असावा, कारण त्याच वेळी डबा खरखरला आणि ओरडला.

पुढचा भाग केशवराव कुणाला सांगत नाहीत. डिप्टी साहेबांनी खोळ काढून डबा पाहिला, भोंगा पाहिला, आणि अगदी सौम्यपणे विचारलं, “बाबूजी, यह किसलिए?”

“नींद के लिए।”

“नींद के लिए शेर?”

साहेबांनी कलम लावलं नाही, दोन शब्द सुनावले आणि पंचनाम्याचा कागद फाडून खिशात ठेवला. गल्ली आधी रागावली, मग हसली, आणि हसली ते जास्त लागलं. ज्या माणसासाठी काल चहाचा थर्मास येत होता त्याला आज पोरंसोरं ‘वाघबाबू’ म्हणू लागली. गुणवंतांनी मात्र आपण वाघ पाहिलाच नव्हता असं कबूल केलं नाही. त्यांचं म्हणणं, हा वाघ डब्यातला, तो वेगळा.

सगळे गेल्यावर केशवराव आत येऊन पलंगाच्या काठावर बसले. नलिनीबाई समोर खुर्चीवर बसल्या.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “जायफळ झालं, वाटी झाली, वाघ झाला. तुमाले झोप काहून नाही येत?”

“निद्रानाश...”

“तहसीलीतलं नका सांगू.”

मग केशवरावांनी फरशीकडे पाहत सगळं सांगितलं. घोरणं ऐकत पडतो, ते थांबलं की जीव जातो, मी झोपलो अन् तू उठलीच नाही तं मी काय करू, मले भेव वाटते, नलिनी, लय भेव वाटते. त्यांनी हे भारदस्त आवाजात सांगायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

नलिनीबाईंनी कपाळावर हात मारला. “बाप्पा. मले वाटे, माह्या घोरण्यानं तुमची झोप मोडते. तुमी रात्रभर तळमळून राहिले, ते माह्याच पायी. म्हणून घोरणं आलं की मीच सोताले उठवो, कुशीवर होओ, अन् श्वास दाबून पडून राहो. तुमचा डोळा लागावा म्हणून.”

ज्या शांततेला केशवराव इतके दिवस घाबरले, ती त्यांच्यासाठीच राखली जात होती. एका पलंगावर दोन माणसं रात्र रात्र जागत होती, आणि दोघंही झोपेचं सोंग घेत होती.

“येडे हो तुमी,” नलिनीबाई म्हणाल्या. “अन् मीही. आज पाळी लावू. पहिली जागल माही, मंग तुमाले उठवतो. झोपा आता.”

“तू दुखणाईत...”

“दुपारी झोपली मी. पडा म्हटलं ना.”

ते पडले. उशीला डोकं टेकताना त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. इतक्या महिन्यांची थोपवलेली झोप एकदम अंगावर आली.

त्यांना जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून पलंगापर्यंत आलं होतं आणि दूधवाला येऊन गेला होता. नलिनीबाई खुर्चीवर तशाच बसलेल्या, डोळे लाल, शाल खांद्यावरून घसरलेली.

केशवराव धडपडत उठले. “रात्रभर? अवं, उठवलं काहून नाही?”

“उठवणारच होती.” स्प्रिंग बसवायला आत नेताना हसत गेलेली ही बाई, वाघ ओरडला तरी पोळी उलटवणारी, शब्द शोधू लागली. “तुमचं घोरणं चाललं होतं. मंग एकाएकी थांबलं. मी वाट पाह्यली. सुरूच होईना. मंग झालं सुरू, पण पुन्हा थांबलं. मंग मी उठलीच नाही इथून.”

केशवरावांनी त्यांना हाताला धरून पलंगावर आणलं, पायांवर शाल टाकली, खिडकीचा पडदा ओढला. नलिनीबाईंनी डोळे मिटले, आणि पुन्हा उघडले.

“ऐका ना. माहं थांबलं तं हालवसान ना मले?”

“हालवीन,” केशवराव म्हणाले, आणि खुर्ची पलंगाला लावून बसले.